हाली की कलदार? : एका संगणकावर अनेक पायथन

आमच्या हैदराबादेतील जुन्या पिढीच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येत असे. कोणी एखाद्या वस्तूची किंमत सांगितली की ऐकणारा लगेच विचारी, "हाली की कलदार?" हैदराबाद संस्थानचा स्वतःचा रुपया होता, त्यास हाली सिक्का म्हणत, आणि भारत सरकारच्या रुपयास कलदार म्हणत. १९५० साली भारतीय रुपया येथे हालीच्या जोडीने चालू झाला, तेव्हा सात हाली बरोबर सहा कलदार असा भाव ठरला. पुढे १९५१ मध्ये नवे हाली चलन निघणे थांबले. तथापि जुने चलन रद्द झाले ते १९५९ साली. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षे एकाच बाजारात 'रुपया' या एकाच नावाची दोन नाणी नांदत होती. "सत्तर रुपये येणे" एवढेच वहीत लिहून ठेवणाऱ्या दुकानदाराच्या पदरात कधी सत्तर कलदार पडत, तर कधी साठच. दोष दोन नाण्यांचा नव्हता. वहीत नाण्याचे पूर्ण नाव लिहिले नाही, हा दोष होता.

विद्यार्थिमित्रहो, संगणकाच्या अभ्यासात आम्हांस नेमका हाच प्रश्न भेटला. आमच्या संगणक-कक्षातील यंत्रे लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात, आणि त्यांवर पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकविली जाते. एके दिवशी आमच्या ध्यानात आले की एकाच यंत्रावर पायथनच्या तीन आवृत्त्या आहेत, आणि आम्ही मात्र वहीत नुसतेच 'पायथन' लिहीत आलो आहोत. त्यामुळे काय घडले व त्यातून आम्ही काय शिकलो, ते येथे सांगावयाचे योजिले आहे.

आवृत्त्या अनेक का होतात?

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रॅमरने निर्माण केली व १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. संगणकास ही भाषा आपण होऊन समजत नाही. तिचा अर्थ लावून सांगणारा एक प्रोग्रॅम यंत्रावर असावा लागतो. त्यास आपण दुभाषी म्हणू. भाषेत सुधारणा झाली की नवा दुभाषी निघतो, आणि त्यास नवा क्रमांक मिळतो. २००० साली दुसऱ्या मालिकेचा आरंभ झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये तिसऱ्या मालिकेचा. अलीकडे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तिसऱ्या मालिकेतील एक नवी आवृत्ती प्रसिद्ध होते व तिची देखभाल सुमारे पाच वर्षे केली जाते.

दुसऱ्या मालिकेतून तिसरीत जाताना भाषेचे काही नियमच बदलण्यात आले. काही बदल मोठ्याने बोलतात. उदाहरणार्थ, पडद्यावर मजकूर उमटविण्याची 'प्रिंट' ही आज्ञा दुसऱ्या मालिकेत कंसाशिवाय लिहिली तरी चाले. तिसरीत कंस नसला तर प्रोग्रॅम मुळी सुरूच होत नाही. अशा बदलाचे भय नसते, कारण चूक ताबडतोब दिसते.

भय असते ते मुकाट्याने होणाऱ्या बदलांचे. पाचास दोनाने भागले तर दुसरी मालिका उत्तर देते २. तिसरी देते २.५. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ या लिपीसंकेतात साधेपणाने लिहून त्याची लांबी विचारली, तर दुसरी मालिका सांगते १५, कारण ती साठवणीतील बाइट मोजते. तिसरी सांगते ५, कारण ती म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी चिन्हे मोजते. आपल्या लिपीच्या दृष्टीने हा बदल हिताचाच झाला. परंतु जुन्या नियमावर विसंबून लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो न सांगता बदललेला भाव आहे.

दुसऱ्या मालिकेची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली आणि २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. मग जुने काढून टाकावे, नवे बसवावे आणि मोकळे व्हावे, असे कोणासही वाटेल. आम्हांसही तसेच वाटले होते.

अर्ध्या गुणाची गोष्ट

आमच्या शाळेत गुणपत्रके तयार करण्याचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी तो पायथन २.७ साठी लिहून दिला. दोन चाचण्यांच्या गुणांची सरासरी काढावयाची, अपूर्णांक आल्यास तो पूर्ण करावयाचा आणि किमान गुणांशी ताडून पाहून पुढे 'उत्तीर्ण' अथवा 'अनुत्तीर्ण' असा शेरा लिहावयाचा, एवढेच त्याचे काम. लिहिणारे विद्यार्थी काळजीपूर्वक काम करणारे होते. त्यांनी 'प्रिंट' पुढे कंस दिले होते आणि भागाकारात २ न लिहिता २.० लिहिले होते. त्यामुळे भागाकार दोन्ही मालिकांत सारखाच होई.

गेल्या वर्षी आम्ही यंत्राची आवराआवर करताना 'पायथन' हे मोकळे नाव २.७ वरून काढून तिसऱ्या मालिकेकडे वळविले. गुणपत्रकाचा प्रोग्रॅम त्याच मोकळ्या नावाने चालविला जात असे. तो चालला, कोणतीही तक्रार न करता चालला. याद्या छापून वर्गशिक्षकांकडे गेल्या.

एका वर्गशिक्षिकाबाईंना यंत्राच्या बेरजा हाताने पडताळून पाहण्याची सवय आहे. निकाल लागण्यास दोन दिवस उरले असता त्या आमच्याकडे आल्या. एका मुलाचे दोन चाचण्यांतील गुण ३४ व ३५ होते. सरासरी ३४.५, ती पूर्ण केली असता ३५, आणि ३५ ही उत्तीर्णतेची मर्यादा. परंतु यादीत ३४ हा आकडा होता व त्यापुढे 'अनुत्तीर्ण' असा शेरा. "मागील वर्षापर्यंत अर्धा गुण वर जात असे. या वर्षी तो खाली का गेला?" एवढेच त्यांनी विचारले.

उत्तर शोधण्यास आम्हांस संपूर्ण दुपार लागली. अपूर्णांक पूर्ण करण्याची 'राउंड' ही क्रिया दुसऱ्या मालिकेत नेमका अर्धा आल्यास शून्यापासून दूरच्या अंकाकडे, म्हणजे आपल्या गुणांच्या बाबतीत वरच्या अंकाकडे जाते. तिसऱ्या मालिकेत ती नेमका अर्धा आल्यास जवळच्या सम अंकाकडे जाते. म्हणून ३५.५ चे दोन्हीकडे ३६ होतात, परंतु ३४.५ चे जुन्यात ३५ होतात आणि नव्यात ३४. या नव्या नियमास कारण आहे. हजारो आकडे पूर्ण करावयाचे असता प्रत्येक अर्धा वरच गेला तर एकूण बेरीज वाढत जाते. समाकडे गेला तर वाढ व घट एकमेकींस फेडतात. नियम शहाणपणाचाच आहे. पण तो आमच्या शाळेचा नियम नव्हता, आणि आम्ही तो एका मुलाच्या निकालावर नकळत लादला होता.

याद्या परत मागवून सर्व वर्गांचे गुण पुन्हा काढण्यात आले. तो मुलगा उत्तीर्ण झाला. हाताने बेरीज करणाऱ्या बाई नसत्या तर काय झाले असते, हा विचार अद्यापही आमच्या मनातून जात नाही.

नाव आणि वस्तू

हे घडले कसे, हे समजण्यासाठी लिनक्स एखादा प्रोग्रॅम कसा शोधते ते पाहिले पाहिजे. आपण टर्मिनलमध्ये एखादे नाव लिहितो, तेव्हा यंत्र संपूर्ण डिस्क धुंडाळीत नाही. त्याच्याजवळ काही दालनांची एक क्रमवार यादी असते. तिला 'पाथ' म्हणतात. यंत्र पहिल्या दालनात ते नाव पाहते, नसल्यास दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. आणि जेथे ते प्रथम सापडेल तेथे थांबते. पुढच्या दालनात त्याच नावाचा दुसरा कोणी असला तरी त्याची विचारपूस होत नाही.

यांतील दोन दालने आपल्या विषयास महत्त्वाची आहेत. 'यूएसआर' मधील 'बिन' हे कार्यप्रणालीचे स्वतःचे दालन. 'यूएसआर' मधील 'लोकल', आणि त्यातील 'बिन', हे यंत्राच्या मालकाने आपल्या हाताने बसविलेल्या प्रोग्रॅमांचे दालन. सामान्यतः यादीत मालकाचे दालन आधी व कार्यप्रणालीचे नंतर असते.

दालनात सापडलेले नाव म्हणजे प्रत्येक वेळी खरी वस्तू असतेच असे नाही. पुष्कळदा ती नुसती पाटी असते. तिच्यावर "खरा इसम अमुक ठिकाणी आहे" एवढाच निर्देश असतो. लिनक्सच्या भाषेत यास दुवा म्हणतात. 'पायथन ३' ही अशीच एक पाटी, आणि ती ज्या दुभाष्याकडे बोट दाखविते त्याचे पूर्ण नाव 'पायथन ३.१०' अथवा 'पायथन ३.१२' असे असते. पाटी फिरविण्यास क्षणही लागत नाही, आणि फिरविल्याची वर्दी कोणासही जात नाही. गुणपत्रकाच्या बाबतीत आम्ही केले ते इतकेच.

दुसरी चूक, अधिक मोठी

एवढ्याने शहाणे झालो असे म्हणावे तर तसे नाही. पुढे विज्ञान-मंडळाच्या मुलांस ३.१२ ही आवृत्ती हवी झाली. यंत्रावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सची मांडणी होती. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या त्या मांडणीबरोबर पायथन ३.१० येते. आम्ही ३.१२ शेजारी बसविले, ते ठीक झाले. परंतु मुलांस प्रत्येक वेळी क्रमांक लिहिण्याचा त्रास नको म्हणून कार्यप्रणालीच्या दालनातील 'पायथन ३' ही पाटीच आम्ही ३.१२ कडे फिरविली.

दुसऱ्या दिवशी टर्मिनलची खिडकी उघडेना. नवी पॅकेजे आणण्याच्या आज्ञेच्या शेवटी 'एपीटी-पीकेजी' नावाचा घटक सापडत नाही अशी तक्रार येऊ लागली. याचे कारण असे की उबुंटूची स्वतःचीच कित्येक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि ती 'पायथन ३' या पाटीवर विश्वासून चालतात. त्यांचे काही घटक यंत्रभाषेत आधीच रूपांतर केलेले असतात, व ते रूपांतर फक्त ३.१० साठी केलेले असते. ३.१२ ला त्यांचा उपयोग नसतो. आम्ही घरमालकाच्या दारावरील पाटी काढून पाहुण्याची लावली होती. टपाल कोणासच मिळेनासे झाले.

सुदैवाने कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबल्या असता लिनक्समध्ये चित्रमय पडद्याशिवाय चालणारे दुसरे साधे टर्मिनल उघडते. तेथून आम्ही पाटी पुन्हा ३.१० कडे वळविली व यंत्र पूर्ववत झाले. आम्ही ३.१० काढून टाकले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले. जुना पायथन निरुपयोगी समजून जे तो काढून टाकावयास जातात, त्यांच्या यंत्रावरून त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेही त्याबरोबर जातात, आणि मग कार्यप्रणाली पुन्हा पहिल्यापासून बसविण्याची पाळी येते.

नीट व्यवस्था कशी करावी?

या दोन चुकांनंतर आम्ही जी व्यवस्था लावली, ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, कार्यप्रणालीबरोबर आलेला पायथन हा कार्यप्रणालीचा आहे असे समजावे. तो काढू नये, त्याची पाटी फिरवू नये आणि त्याच्या भांडारात आपली पॅकेजे भरू नयेत. डेबियन या लिनक्स मांडणीने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून दारावर पहारेकरीच ठेवला आहे: 'पिप' या साधनाने तेथे काही बसवावयास गेल्यास ते नकार देते आणि वेगळी जागा करून घ्या असे सुचविते.

लिनक्समध्ये 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' नावाचे एक साधन आहे. एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅमांपैकी पाटी कोणाकडे असावी हे त्याने ठरविता येते. जावाच्या दोन आवृत्त्या असता अथवा मजकूर लिहिण्याचा संपादक निवडावयाचा असता ते फार सोयीचे आहे. परंतु 'पायथन ३' या पाटीसाठी ते वापरू नये. साधन चांगले असले तरी परिणाम आमच्या दुसऱ्या चुकीसारखाच होतो.

दुसरी गोष्ट, नवी आवृत्ती जुनीच्या जागी न बसविता शेजारी बसवावी. पायथनचा मूळ मजकूर आणून तो यंत्रावर बांधावयाचा असल्यास शेवटची आज्ञा 'इन्स्टॉल' अशी न देता 'ऑल्ट-इन्स्टॉल' अशी द्यावी. पहिलीने मालकाच्या दालनात 'पायथन ३' अशी पाटीही लागते, आणि ते दालन यादीत आधी असल्यामुळे तीच प्रथम सापडते. दुसरीने केवळ 'पायथन ३.१२' हे पूर्ण नाव लागते. जुन्या पाट्यांस धक्का लागत नाही. ज्यांस अनेक आवृत्त्या वारंवार पालटावयाच्या आहेत त्यांनी 'पायएन्व्ह' हे साधन वापरावे. ते सर्व आवृत्त्या आपल्या स्वतःच्या फोल्डरात ठेवते, आणि प्रत्येक कामाच्या फोल्डरात एक लहान फाइल ठेवून तेथे कोणती आवृत्ती चालावी हे लिहून ठेवू देते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक कामास स्वतंत्र खोली द्यावी. २०१२ साली निघालेल्या ३.३ पासून पायथनबरोबर 'व्हेन्व्ह' हे साधन येते. त्याने एक फोल्डर तयार होते. त्यात आपण निवडलेल्या दुभाष्याकडे जाणारी पाटी असते व त्या कामापुरत्या पॅकेजांचे भांडार असते. ही खोली चालू केली म्हणजे त्या एका टर्मिनलापुरते तिचे दालन यादीच्या अग्रभागी येते. टर्मिनल बंद केले की व्यवस्था मिटते. खोली बिघडली तर फोल्डर पुसून नवी करावी. शेजारच्या खोलीस कळतही नाही. मात्र खोलीत कोणती पॅकेजे कोणत्या क्रमांकाची आहेत याची यादी फाइलमध्ये लिहून ठेवावी, म्हणजे नवी खोली जुनीसारखीच उभारता येते.

चौथी गोष्ट, शंका आली की विचारावे. टर्मिनलमध्ये 'टाइप' ही आज्ञा, पुढे आडवी रेघ व 'ए', आणि मग प्रोग्रॅमचे नाव लिहिले असता त्या नावाचे यादीतील सर्व इसम क्रमाने दिसतात. त्यांतील पहिला तो चालणारा. तसेच दुभाष्यास 'व्हर्जन' विचारले असता तो आपला पूर्ण क्रमांक सांगतो. हे दोन प्रश्न आम्ही आता प्रत्येक तासाच्या आरंभी विद्यार्थ्यांकडून विचारवून घेतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना तो चालला म्हणजे बरोबर चालला असे मानू नये. जुन्याच गुणांच्या याद्या दोन्ही आवृत्त्यांस द्याव्या आणि उत्तरे ओळीला ओळ लावून ताडून पाहावी. आम्ही हे आधी केले असते तर ३४.५ ची ओळ त्याच दिवशी हाती लागली असती.

गुणपत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये आता 'राउंड' ही क्रिया नाही. मुख्याध्यापकांस विचारून शाळेचा नियम लेखी घेतला: अर्धा गुण वर जाईल. त्यानुसार सरासरीत अर्धा मिळवून उरलेला अपूर्णांक सोडावयाचा, असे स्पष्ट लिहिले. ३४.५ मध्ये अर्धा मिळविला की ३५ होतात, मग दुभाषी २.७ असो वा ३.१२. नियम दुभाष्याच्या सवयीवर सोडला नाही, म्हणून दुभाषी पालटला तरी निकाल पालटत नाही.

नव्या आवृत्त्या दरवर्षी येत राहणार, आणि त्या याव्याच. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेचे दोष कोणी दुरुस्त करीत नाही, म्हणून कायम जुन्यावर बसून राहणे हिताचे नाही. नव्यातही जुन्या सोयी वगळल्या जातात. पॅकेजे बांधण्याचे 'डिस्टयूटिल्स' हे जुने साधन ३.१२ मधून काढूनच टाकले आहे. तेव्हा स्थलांतर करावे, पण दोन्ही घरे काही काळ उघडी ठेवून, सामान मोजून करावे.

'हाली' या शब्दाचा अर्थच मुळी 'सध्याचा, चालू' असा आहे. ज्या नाण्यास लोक 'चालू नाणे' म्हणत, तेच पुढे रद्द झाले. 'पायथन', 'नवा पायथन', 'सध्याचा पायथन' ही नावे तशीच आहेत. आज ती एकास लागू, उद्या दुसऱ्यास. म्हणून आमच्या संगणक-कक्षातील प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींत तो कोणत्या क्रमांकाच्या दुभाष्यासाठी लिहिला आहे याची आम्ही नोंद करतो. आमच्या मागून हे काम पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस त्या ओळीवरून कळेल की हा हिशेब हालीत मांडला आहे की कलदारात.